सायकलवीर जिनो बार्ताली

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें एखाद्या संताचें चरित्र लिहावें असा शिरस्ता आहे, आणि संपादक मंडळानें मजकडे मागणीहि तशीच केली होती. तो शिरस्ता मोडून मी एका सायकलस्वाराचें चरित्र सादर करीत आहें, ह्याबद्दल वडीलधाऱ्या वाचकांनीं क्षमा करावी. आपल्या ह्या किनाऱ्यावर एका पिढीपूर्वीं सायकल हेंच गरिबाचें वाहन होतें. मासळीची पाटी, शाळेचें दप्तर आणि रविवारीं मिस्सेला निघालेलें अर्धें कुटुंब एकाच सायकलीवर पाहिल्याचें माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. अलिबागहून पेणकडे जातांना कार्ले खिंडीच्या चढावर खालीं उतरून सायकल ढकलण्याचा प्रसंग मजवरहि अनेकदां आलेला आहे. तेव्हां ज्या माणसानें ह्याच साध्या यंत्रावर बसून आल्प्स पर्वत ओलांडला आणि त्याच यंत्राच्या पोकळ नळींत माणसांचे प्राण लपवून नेले, त्याची कथा ह्या पुस्तिकेंत अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

जिनो बार्तालीचा जन्म १८ जुलै १९१४ रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहराजवळच्या पोन्ते आ एमा नांवाच्या खेड्यांत झाला. बाप तोरेल्लो मोलमजुरीवर संसार चालवी. घरांत दोन मुली व दोन मुलगे. जिनोपेक्षां धाकटा भाऊ ज्युलियो हा त्याचा विशेष लाडका. गांवची शाळा संपल्यावर पुढील शिक्षणासाठीं फ्लॉरेन्सला जावें लागे, म्हणून घरांत एक जुनी सायकल आली. शिक्षणांत जिनोचें चित्त फारसें रमलें नाहीं. परंतु सायकलीनें त्याला जें धरलें तें कायमचें. तेराव्या वर्षीं तो गांवांतील कासामोन्ती नांवाच्या सायकलदुरुस्तीवाल्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. चाकांचे आरे ताणणें, साखळी धुणें, नळ्या सरळ करणें हीं कामें तेथें त्याच्या हातांत बसलीं. कासामोन्ती हा शर्यतीचा शौकीन असून मित्रांसह दूरवर फेऱ्या मारी. हा काटकुळा उमेदवार चढावर आपल्या सर्वांना मागें टाकतो हें पाहून त्यानेंच बापाची समजूत घातली. शर्यती धोक्याच्या, म्हणून तोरेल्लोचें मन घेत नव्हतें. त्या बापाची भीति किती खरी होती हें पुढें दिसून आलें.

ज्यांना ह्या खेळाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. इटलीची प्रदक्षिणा, जिला तिकडे जिरो म्हणतात, आणि फ्रान्सची प्रदक्षिणा, जी टूर ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, ह्या एका दिवसाच्या शर्यती नव्हेत. सुमारें तीन आठवडे, दररोज एक मजल, अशा रीतीनें स्वार साऱ्या देशाला वळसा घालतात. सर्व मजलांचा एकंदर वेळ ज्याचा कमी, तो विजयी. टूरमध्यें जो आघाडीवर असेल त्याच्या अंगावर पिवळा सदरा चढतो. त्या काळीं कांहीं मजला अडीचशें किलोमीटरांहून अधिक असत आणि डोंगरांतील रस्ते पुष्कळसे खडीमातीचे असत. टायर फुटल्यास बदलावयाचे जादा टायर खांद्यावर आडवे गुंडाळून घ्यावे लागत. १९३७ पर्यंत टूरमध्यें दांत्यांची चक्रें बदलण्याच्या यंत्रालाहि परवानगी नव्हती. चढ लागला कीं खालीं उतरावें, मागचें चाक काढून उलटें बसवावें आणि पुन्हां निघावें, असा प्रकार होता.

१९३५ सालीं जिनो धंदेवाईक स्वार झाला आणि १९३६ सालीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, त्यानें जिरो जिंकली. तो आनंद पुरता एक आठवडाहि टिकला नाहीं. ७ जून रोजीं ती शर्यत संपली आणि १४ जून रोजीं धाकटा ज्युलियो, जो स्वतःहि उदयोन्मुख स्वार होता, एका शर्यतींत मार्गावर आलेल्या मोटारीवर आदळला व त्यांतच त्याचा अंत झाला. जिनोनें सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हां शर्यतींत उतरावयाचें नाहीं असें मनाशीं म्हटलें. पुढें तो परत रस्त्यावर आला खरा, परंतु पूर्वींचा जिनो राहिला नव्हता. लहानपणापासून तो कॅथोलिक ॲक्शनचा सभासद होताच. आतां संसारांत राहून कार्मेल संघाची शिस्त पाळणाऱ्या प्रापंचिकांच्या तिसऱ्या संघांत त्यानें प्रवेश केला. बालयेशूची संत तेरेजा हिच्यावर त्याची विशेष भक्ति होती. शर्यतीच्या काळांतहि रविवारची मिस्सा चुकूं नये म्हणून तो पहाटे उठून देऊळ शोधी. वर्तमानपत्रांनीं त्याला भाविक जिनो असें नांव दिलें, तें कांहींनीं आदरानें तर कांहींनीं चेष्टेनें.

वाचकांनीं मात्र तो मऊ स्वभावाचा होता असें समजूं नये. आवाज घोगरा, बोलणें फटकळ, प्रत्येक गोष्टींत कुरकूर. मद्याचा पेला आणि सिगारेट ह्यांचें त्याला वावडें नव्हतें. फ्लॉरेन्सकडील लोक त्याच्या नांवालाच एक तिरसट प्रत्यय जोडून प्रेमानें त्याला जिनेत्ताच्चो म्हणत. मला तर हा कुरकुऱ्या मनुष्य गुळगुळीत चित्रांतल्या भक्तांपेक्षां अधिक जवळचा वाटतो.

इटलींत त्या वेळीं मुसोलिनीची सत्ता होती, आणि परदेशांत इटालियन खेळाडूंनीं मिळविलेला प्रत्येक जय हा त्या सत्तेचाच जय अशी डांगोरी पिटली जाई. १९३७ सालीं जिनोला टूरमध्यें पाठविण्यांत आलें. पिवळा सदरा मिळाल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं उतारावर तो एका पुलावरून थेट खालच्या ओढ्याच्या बर्फगार पाण्यांत कोसळला. सोबत्यांनीं त्याला बाहेर काढलें, आणि भिजलेल्या व रक्ताळलेल्या स्थितींत त्यानें मजल पुरी केली. परंतु थोड्याच दिवसांनीं वरिष्ठांच्या हुकुमावरून त्याला शर्यत सोडावी लागली. १९३८ सालीं तो पुन्हां गेला. दीन्य ते ब्रियांसों ह्या मजलेंत आलोस, वार आणि इझोआर हे तीन घाट ओलांडून त्यानें प्रतिस्पर्ध्यांना असें मागें टाकलें कीं पॅरिसला पोंचतांना दुसऱ्या क्रमांकाच्या वेरव्हाके ह्या बेल्जियन स्वाराहून तो अठरा मिनिटांहून अधिक पुढें होता. इझोआरची उंची २३६० मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखरहि १६४६ मीटरच भरतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. विजयानंतर मुसोलिनीच्या चरणीं हा जय अर्पण करावा ही अपेक्षा उघड होती. जिनोनें ती पुरी केली नाहीं. तो पॅरिसमधील विजयमातेच्या देवळांत गेला आणि विजयाचा पुष्पगुच्छ मरियेच्या वेदीवर ठेवून आला. हुकूमशाहीच्या राज्यांत मौन हाहि गुन्हा ठरूं शकतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या साध्या कृतीचें धैर्य कळतें.

१९४० च्या जिरोंत त्याच्याच संघांत मदतनीस म्हणून फाउस्तो कोप्पी नांवाचा वीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा घेतला होता. दुसऱ्याच मजलेंत एक कुत्रें आडवें आल्यानें जिनो पडला व जखमी झाला, आणि ती प्रदक्षिणा त्या मदतनीसानेंच जिंकली. शर्यत ९ जूनला संपली. १० जूनला इटली महायुद्धांत उतरली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जिनोचा विवाह आद्रियाना बानी हिच्याशीं झाला. विवाहविधि फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता ह्यांनीं स्वतः केला. हे कार्डिनल मोठे बाणेदार. १९३८ च्या मे महिन्यांत हिटलर फ्लॉरेन्सला आला तेव्हां सारें शहर सजलें होतें. परंतु आर्चबिशपांच्या वाड्याच्या खिडक्या त्या दिवशीं बंद राहिल्या.

सप्टेंबर १९४३ मध्यें जर्मन सैन्यानें इटलीचा ताबा घेतला आणि यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्समधील यहुदी व ख्रिस्ती मंडळींनीं मिळून त्यांना लपविण्याची गुप्त व्यवस्था केली, तिला कार्डिनलांचा आश्रय होता. मठांचे दरवाजे उघडले गेले. परंतु नुसत्या आसऱ्यानें भागत नव्हतें. प्रवासाला व शिध्याच्या कार्डाला ओळखपत्र लागे आणि खऱ्या नांवाचें ओळखपत्र म्हणजे मृत्यूचें आमंत्रण. असिसी येथें बिशप निकोलिनी, फादर आल्दो ब्रुनाच्ची व सान दामियानो मठाचे प्रमुख फादर रुफिनो निक्काच्ची ह्यांनीं लुईजी ब्रिझी व त्याचा मुलगा ह्या छापखानेवाल्यांकडून खोटीं ओळखपत्रें छापून घेण्याचें काम चालविलें होतें. फ्लॉरेन्सहून असिसीला छायाचित्रें न्यावयाचीं आणि तयार कागद परत आणावयाचे. मध्यें सुमारें पावणेदोनशें किलोमीटरांचा रस्ता व जागोजागीं पहारे. हें काम कार्डिनलांनीं जिनोला सांगितलें.

युक्ति साधी होती. सायकलीची बैठक उपसली कीं खालची नळी पोकळ. कागदाची बारीक गुंडाळी तींत सरकवावी आणि बैठक पुन्हां घट्ट बसवावी. दुकानांत उमेदवारी केलेल्या हातांना हें काम कांहींच नव्हतें. एवढा लांबचा पल्ला तो कां मारतो ह्याला उत्तरहि तयार होतें: शर्यतींचा सराव. पहारेकऱ्यांनीं अडविलें तर त्यांतला एखादा तरी त्याला ओळखी आणि तपासणीऐवजीं शर्यतींच्या गप्पा निघत. सायकलीला मात्र हात लावूं नका, तिचे भाग माझ्या मापानें बसविले आहेत, अशी तो विनवणी करी, असें सांगतात. म्हणजे जी कीर्ति सत्ताधाऱ्यांना आपली म्हणून मिरवावयाची होती, तिच्याच आडोशानें तो त्यांच्या हातांतली शिकार सोडवीत होता. घरीं आद्रियानाला तो काय करतो हें त्यानें सांगितलें नव्हतें. जें तिला ठाऊक नाहीं तें तिच्याकडून कोणी वदवून घेऊं शकणार नव्हतें.

ह्याच काळांत गोल्डनबर्ग नांवाच्या एका यहुदी कुटुंबाला त्यानें फ्लॉरेन्समधील आपल्या मालकीच्या जागेंत व पुढें एका तळघरांत आसरा दिला. आईबाप व मुलें मुक्तीच्या दिवसापर्यंत जिवंत राहिलीं. पोरांना दडविणाऱ्याला कोणती शिक्षा होई हें त्याला ठाऊक होतें आणि त्याचा स्वतःचा पहिला मुलगा आन्द्रेया त्या वेळीं अवघा दोन-तीन वर्षांचा होता. १९४४ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरेन्समधील ज्या घराला लोक दुःखाचा वाडा म्हणत, त्या छळगृहांत मेजर कारीता ह्याच्यापुढें जिनोला उभें करण्यांत आलें. व्हॅटिकनहून त्याला आलेलीं आभाराचीं पत्रें संशयास कारण झालीं होतीं. गरिबांसाठीं पीठ व साखर पाठविल्याबद्दलचीं तीं पत्रें आहेत असें त्यानें सांगितलें, आणि तें खरेंहि होतें. कांहीं दिवसांच्या कोठडीनंतर तो सुटला.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. असिसीच्या फेऱ्यांनीं सुमारें आठशें माणसें वांचलीं असा आंकडा सर्वत्र छापला जातो. परंतु अलीकडे इटलींतील कांहीं इतिहासकारांनीं, विशेषतः २०१३ नंतर, ह्या फेऱ्यांना त्या काळचा लेखी पुरावा मिळत नाहीं असा आक्षेप घेतला असून त्यावर बराच वाद झाला आहे. गुप्त कामाचा कागद मागें राहत नाहीं हें खरें. पण भक्तिभावानें आंकडे फुगतात हेंहि मला चांगलें ठाऊक आहे. म्हणून आठशेंचा आंकडा मी माझा म्हणून सांगत नाहीं. गोल्डनबर्गांच्या मुलानें मात्र म्हातारपणीं स्वतः साक्ष दिली आहे. तळघरांतलें तें एक कुटुंब मला पुरेसें वाटतें.

युद्ध संपलें तेव्हां जिनो एकतिसाव्या वर्षांत होता आणि सायकलस्वाराचीं उत्तम वर्षें लढाईनें गिळलीं होतीं. तरी १९४६ ची जिरो त्यानें कोप्पीला अवघ्या सत्तेचाळीस सेकंदांनीं मागें टाकून जिंकली. त्या शर्यतींतली एक गंमत जिनोच पुढें सांगत असे. कोप्पीनें वाटेंत एक लहानशी बाटली फेंकली ती त्यानें पाहिली. आंत कांहीं उत्तेजक औषध असावें अशा संशयानें शर्यत संपल्यावर तो परत त्या घाटांत गेला, गवतांतून बाटली शोधून काढली आणि डॉक्टरांकडून तपासून घेतली. निघालें काय, तर बाजारांत मिळणारें साधें शक्तिवर्धक! सारा इटली देश आतां दोन तटांत विभागला होता, बार्तालीचे आणि कोप्पीचे. १९४८ च्या जागतिक स्पर्धेंत तर दोघे एकमेकांवर डोळा ठेवण्यांत इतके गुंतले कीं शेवटीं दोघांनींहि शर्यत सोडली आणि महासंघानें दोघांनाहि शिक्षा केली. त्या दिवशीं भाविक जिनोहि शिक्षेलाच पात्र होता.

परंतु त्याच वर्षाच्या जुलै महिन्याविषयीं लिहिण्यासाठींच मीं लेखणी उचलली. टूर पुन्हां सुरू झाली होती, अंतर सुमारें पांच हजार किलोमीटर. जिनोला चौतिसावें वर्ष संपत आलेलें. पत्रकार त्याला म्हातारा म्हणत. पहिली मजल त्यानें मारली, लुर्डला पोंचणारी मजलहि त्यानेंच मारली. पण पुढें तो इतका मागें पडला कीं १४ जुलैच्या विश्रांतीच्या दिवशीं कान येथें तरुण फ्रेंच स्वार लुईसों बोबे हा त्याच्याहून एकवीस मिनिटांहून अधिक पुढें होता. त्याच दिवशीं सकाळीं रोममध्यें संसदेबाहेर एका तरुण विद्यार्थ्यानें कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तीन महिन्यांपूर्वींच्या निवडणुकीची धग अद्याप निवाली नव्हती. गिरण्या बंद पडल्या, कारखान्यांचा ताबा घेतला गेला, अनेक ठिकाणीं रक्त सांडलें. यादवी पेटते कीं काय अशी ती घटका होती. संध्याकाळीं पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी ह्यांचा जिनोला टेलिफोन आला. दोघे कॅथोलिक ॲक्शनपासूनचे परिचित. टूर जिंकतां येईल का, देशाला आज त्याची गरज आहे, अशा अर्थाचें तें बोलणें होतें. जिनोनें टूरचें वचन दिलें नाहीं. उद्यांची मजल मात्र जिंकण्याचें मनावर घेतलें.

१५ जुलै, कान ते ब्रियांसों, २७४ किलोमीटर. तेच आलोस, वार आणि इझोआर, दहा वर्षांपूर्वींचे. पाऊस, चिखल आणि वरच्या घाटांत हाडें गोठविणारा गारठा. आतां सायकलीला चक्र बदलण्याचें यंत्र होतें, पण कसलें! कॅम्पान्योलोच्या त्या यंत्राच्या दोन दांड्या बैठकीखालीं मागच्या बाजूस असत. हात मागें नेऊन एका दांडीनें चाक सैल करावयाचें, पायडल उलटें फिरवीत दुसऱ्या दांडीनें साखळी सरकवावयाची आणि चाक पुन्हां आवळावयाचें. तेंहि चालत्या सायकलीवर, गारठलेल्या बोटांनीं. जिनोनें आघाडीच्या स्वाराला गांठलें, मागें टाकलें आणि इझोआर तो एकटा चढला. सायंकाळीं बोबेकडे एकवीस मिनिटांपैकीं सुमारें एकच मिनिट उरलें होतें. दुसरा दिवस १६ जुलै, कार्मेल मातेचा सण. कोर्लईच्या देवळामुळें ती माता आपल्या किनाऱ्याला परकी नाहीं. त्या दिवशीं गालिब्ये व क्रॉय द फेर ह्यांसह पांच घाटांची मजल जिंकून गळ्यांत कार्मेलचें स्कापुलर असलेल्या ह्या स्वारानें पिवळा सदरा अंगावर चढविला. लोझानची तिसरी मजलहि त्याचीच. २५ जुलैला पॅरिसमध्यें तो बेल्जियमच्या स्खोटेहून सव्वीस मिनिटांहून अधिक पुढें होता. दहा वर्षांच्या अंतरानें टूर दोनदां जिंकणारा दुसरा स्वार आजवर झालेला नाहीं.

एका सायकलस्वारानें यादवी टाळली, अशी आख्यायिका इटलींत रूढ झाली. ती शब्दशः घेऊं नये. तोल्यात्ती ह्यांनीं स्वतः आपल्या लोकांना शांत राहण्यास सांगितलें होतें आणि मजूर संघटनांनीं संप मागें घेतला, हीं कारणें मोठीं आहेत. पण ज्या चौकांत माणसें दगड घेऊन उभीं होतीं त्याच चौकांत तीं रेडिओभोंवतीं एकत्र जमलीं, आणि कांहीं तास तरी त्यांना एकाच गोष्टीचा आनंद झाला, हेंहि नाकारतां येत नाहीं.

पुढील वर्षीं टूर कोप्पीनें जिंकली व जिनो दुसरा आला. त्या शर्यतींत १८ जुलैला दोघे बरोबरच ब्रियांसोंला पोंचले. तो जिनोचा पस्तिसावा वाढदिवस, म्हणून कोप्पीनें मजल त्याला दिली. १९५१ सालीं कोप्पीचा भाऊ सेर्से शर्यतींत पडून मरण पावला. धाकटा भाऊ रस्त्यावर गमावणें म्हणजे काय हें त्या साऱ्या गर्दींत जिनोइतकें कोणाला कळणार होतें? पाण्याची एकच बाटली हातांतून हातांत जात असल्याचें ह्या दोघांचें १९५२ च्या टूरमधील छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. ती कोणी कोणाला दिली ह्यावर इटलींत वर्षानुवर्षें वाद झाला आणि दोघांनींहि तो मिटविला नाहीं. चाळिशीच्या सुमारास जिनो निवृत्त झाला. १९५९ च्या अखेरीस कोप्पी त्याच्या हाताखालील संघांत येण्याचें ठरलें होतें. परंतु आफ्रिकेंतून आणलेल्या हिंवतापानें २ जानेवारी १९६० रोजीं कोप्पी वारला.

युद्धांतल्या त्या फेऱ्यांविषयीं जिनो अर्धें शतक जवळजवळ कांहींच बोलला नाहीं. मोठ्या मुलाला त्यानें थोडेंसें सांगितलें तेंहि बाहेर न बोलण्याच्या अटीवर. चांगलें केलेलें काम बोलून दाखवावयाचें नसतें, आणि ज्यांनीं त्या दिवसांत खरोखर प्राण दिले त्यांच्या शेजारीं आपलें नांव घालावयाचें नाहीं, असा त्याचा पक्का ग्रह होता. ५ मे २००० रोजीं, वयाच्या पंचाऐशीव्या वर्षीं, फ्लॉरेन्स येथें हृदयविकारानें त्याचें देहावसान झालें. कार्डिनल दाल्ला कोस्ता ह्यांना २०१२ मध्यें आणि जिनोला २०१३ मध्यें जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनें राष्ट्रांतील धार्मिक पुरुष ही पदवी दिली. २०१८ ची जिरो जेरुसलेमहून निघाली ती त्याच्या स्मरणार्थ.

लोम्बार्दी प्रांतांत कोमो सरोवराच्या वर एका घाटमाथ्यावर गिझाल्लो मातेचें लहानसें देऊळ आहे. १९४९ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून जाहीर केलें. आंत भिंतींवर जिंकलेल्या शर्यतींचे सदरे आणि सायकली टांगलेल्या आहेत, त्यांत कोप्पीची आहे आणि बार्तालीचीहि आहे. चढ चढून आलेले स्वार दाराशीं आपली सायकल टेकवतात, घाम पुसतात आणि क्षणभर आंत जातात.